नूकालूच्या पेशी

गरिकिना नूकालूच्या टाळूला रुपयाएवढं भोक पडलं आणि पाण्याचा घोट घेतला की तो नाकावाटे बाहेर यायला लागला, तेव्हा कुठे ती दवाखान्याची पायरी चढली. आधी दुखत नव्हतं म्हणून आली नाही, आणि दुखायला लागलं तेव्हा मासळीचे दिवस होते म्हणून आली नाही. जालारिपेटेच्या कोळीवस्तीतल्या तिच्या वयाच्या सगळ्या बायांसारखी तीही चुट्टा, म्हणजे तंबाखूची जाड विडी, उलटा ओढायची. विस्तवाचं टोक तोंडात, थंड टोक बाहेर. समुद्रावरच्या वाऱ्यात तो विझत नाही, राख टोपलीतल्या मासळीवर पडत नाही आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. आई तसाच ओढायची, सासू तसाच ओढायची. त्यात वावगं काही आहे असं नूकालूला कधी वाटलंच नव्हतं.

हैमवती तिला तिथे भेटली. भमिडिपाटी हैमवती, बोब्बिलीच्या एका संस्कृत मास्तरांची थोरली मुलगी. विशाखापट्टणमच्या कर्करोग संशोधन संस्थेत काम करायची, चौतिशीला आली होती आणि लग्नाचं नाव काढत नव्हती. ‘आमच्या हैमूने उंदरांशी संसार मांडलाय’ असं तिची आत्या चारचौघांत सांगायची. शस्त्रक्रियेत काढून टाकलेली गाठ बादलीत जाण्याआधी तिचा एक तुकडा मिळावा म्हणून हैमवती सर्जनांच्या मागे मागे फिरायची. त्या काळी रोग्याला कुणी विचारत नसे. तिने मात्र विचारलं.

नूकालूच्या खाटेशी बसून ती म्हणाली, “तुझ्या तोंडातलं जे मांस काढतील ना, ते मी घेणार. कुपीत वाढवणार. मग त्याच्यावर औषधं लावून बघता येतील.”

“काढलेलं मांस जितं ठेवणार तू?”

“बघते जमतं का.”

“खायला काय घालशील त्याला?”

“वासराच्या रक्ताचं पाणी. थोडी साखर, मीठ.”

“बामणाची पोर गं तू, आणि वासराचं रक्त घालणार?” नूकालूला हसू आवरेना. पायाशी बसलेल्या आपल्या लेकीला, पैडम्माला, तिने कोपराने ढोसलं. “ऐकलंस? आणि चुट्टा? चुट्टा देशील का नाही?”

“चुट्टा नाही.”

“मग नाही जगायचं ते,” नूकालू म्हणाली आणि कुशीवर वळली.

शस्त्रक्रिया झाली, पण फार उशीर झाला होता. पावसाळ्याआधीच नूकालू गेली.

संस्थेत तेव्हा प्रोफेसर अवसरलांचं राज्य होतं. पेशी कुपीत कशा वाढवायच्या हे त्या भागात शिकवलं ते त्यांनीच. परदेशातून येताना त्यांनी हेला पेशींची कुपी कोटाच्या आतल्या खिशात, छातीच्या उबेला ठेवून आणली होती, आणि ही हकीकत ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. हेला म्हणजे अमेरिकेत कर्करोगाने वारलेल्या एका बाईच्या पेशी. जगातल्या प्रयोगशाळांमध्ये त्या वाटल्या गेल्या होत्या. त्यांना मरण असं नव्हतं. एक थेंब कुठे सांडला तर गाजरगवतासारख्या तिथे माजायच्या. निर्जंतुक हवेची काचेची पेटी संस्थेत एकच होती. सकाळी विद्यार्थी तिच्यात हेलाचं काम करायचे, दुपारी हैमवती नूकालूचं.

“सर, माझ्या कामाला वेगळी पेटी मिळाली तर बरं होईल,” ती एकदा म्हणाली.

“सून घरात येऊन महिना झाला नाही तोच वेगळी चूल मागते!” अवसरला सगळ्यांदेखत म्हणाले. सगळे हसले. तीही हसली, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

नूकालूच्या पेशी आठवड्यामागून आठवडे मरत होत्या. रोज सकाळी कुपी उबेतून काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, आत गोल गोल मेलेले दाणे तरंगताना बघायचे. टाकून द्यावं असं तिच्या मनात रोज यायचं. मग एका सोमवारी कुपीच्या तळाला चिकटलेली टवटवीत बेटं दिसली. दुसऱ्या दिवशी ती एकमेकांना भिडली. आठवड्याने कुपी पुरेना. हैमवती व्हरांड्यातून पळत सुटली आणि पळता पळता तिची एक चप्पल जिन्यात राहिली. अवसरलांनी स्वतः येऊन सूक्ष्मदर्शकाच्या नळीत डोकावून पाहिलं, तिच्या पाठीवर थाप मारली आणि त्या पेशींचं नाव ठेवलं नूका-वन. उलट्या चुट्ट्याच्या कर्करोगाच्या पेशी जगात पहिल्यांदा कुणी जगवल्या होत्या. सगळ्या संस्थेला लाडू वाटले गेले.

पुढची तीस वर्षं तिने या पेशींवर घातली.

तिचा प्रश्न साधा होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. बाहेरून आलेला जंतू ते ताबडतोब धरतात. मग घरातच वाढलेला हा चोर त्यांना का दिसत नाही? नूकालूच्या रक्तातले पहारेकरी तिने ती जिवंत असतानाच काढून गोठवून ठेवले होते. ते तिने नूका-वनवर सोडले. आणि ते तुटून पडले. दोन दिवसांत कुपीत चिंध्या उरल्या. हैमवतीने पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तिने लिहिलं की शरीर आपल्या कर्करोगाला ओळखतं. फक्त शरीराच्या आत त्याला गुंगी आलेली असते, बाहेर काढलं की ते जागं होतं. त्या निबंधाने तिचं नाव झालं. परदेशातून बोलावणी आली. एका मोठ्या विद्यापीठाने कायमची जागा देऊ केली. “उलटा चुट्टा ओढणाऱ्या बाया तुमच्याकडे आहेत का?” असं विचारून ती परत आली, आणि हे वाक्य संस्थेत कितीतरी वर्षं अभिमानाने सांगितलं जायचं.

एका अनामिक परीक्षकाने मात्र खोच काढली होती. प्रत्येक माणसाच्या पेशीवर त्याची अशी एक खूण असते. नूकालूच्या रक्तावरची खूण आणि नूका-वनवरची खूण जुळते का, एवढंच त्याने विचारलं होतं. हैमवतीने पाहिलं. जुळत नव्हती. त्या दिवशी ती घरी जेवली नाही. आईने वाढलेलं चारू-भाताचं ताट तसंच राहिलं. पण कर्करोगाच्या पेशी आपलं रूप बदलतात हे तर सर्वमान्य होतं. चोर घरचाच, फक्त त्याने अंगरखा बदललाय, असं तिने उत्तरात लिहिलं, पुराव्याला इतरांचे दाखले जोडले, आणि ते मान्य झालं. एवढंच नव्हे, ‘अंगरखा बदलणारा कर्करोग’ हाच तिचा दुसरा गाजलेला निबंध ठरला.

पैडम्मा दरसाल यायची. चैत्र लागण्याआधीच्या अमावास्येला अनकापल्लीला नूकालम्मा देवीची जत्रा भरते. तिथून परतताना ती संस्थेत उतरायची. हातात देवीचा प्रसाद आणि सोड्यांची पिशवी.

“अगं, मी खात नाही गं हे,” हैमवती दरसाल म्हणायची.

“तू नको खाऊस. माझ्या आईला घाल,” पैडम्मा दरसाल म्हणायची.

मग हैमवती तिला स्टुलावर बसवून सूक्ष्मदर्शकाची भिंगं तिच्या डोळ्यांना जुळवून द्यायची. “ही बघ तुझी आई.” पैडम्मा श्वास रोखून बघत राहायची. “जाड झाली गं,” कधी म्हणायची. कधी, “आज दमल्यागत दिसतेय.” लग्न झालं तेव्हा नवऱ्याला घेऊन आली, मग एकेक करून पोरं आणली, मग सून आणली. आईने कर्ज ठेवलं, भांडणं ठेवली, एक फुटकी होडी ठेवली, असं ती सांगायची. पण माझी आई मेली नाही, डाक्टरम्माकडे कामाला आहे, असंही वस्तीत सांगायची.

मधे एकदा हैमवतीने लस करून पाहिली. नूका-वन पेशी मारून, त्यांचा रस करून, टाळूच्या कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या काही बायांना टोचला. सगळ्यांना ताप भरला, दंड टरारून सुजले. पहारेकरी जागे झाले म्हणून हैमवतीला आनंद झाला. त्या बाया एकामागून एक गेल्या. ‘लस देण्यास उशीर झाला’ असं अहवालात लिहिलं गेलं.

अवसरला वारले. संस्थेच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं. हैमवती निवृत्त झाली, पण सन्मान्य प्राध्यापक म्हणून दुसऱ्या मजल्यावरची एक खोली तिला राहिली. तिचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, वारणासी फणींद्र, संचालक झाला. त्याने हैदराबादच्या एका कंपनीचा पैसा आणला, नवी इमारत उठवली आणि बाईंची लस नव्या पद्धतीने करायला घेतली. या वेळी रोग कोवळा असतानाच टोचायची. सरकारची परवानगी आली. त्याच साली हुदहुद वादळ आलं. झाडं मुळासकट उपटली गेली, शहर कितीतरी दिवस अंधारात होतं, संस्थेच्या शीतपेट्या बंद पडल्या. जे वाचलं ते पोरांनी पाठीवर वाहून दुसरीकडे नेलं. नूका-वन वाचली. वर्तमानपत्रांत तेही छापून आलं.

वादळानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी फणींद्रने तिला बोलावलं. ती आत आल्यावर त्याने दार स्वतः लावलं.

“बसा मॅडम. पाणी?”

“पाणी देण्याइतकी वाईट बातमी आहे?”

तो हसला नाही. “लसीचा निबंध पाठवला होता ना, ते नियतकालिकवाले म्हणाले, पेशींची डीएनए तपासणी जोडा. हल्ली सगळ्यांनाच मागतात. मी हैदराबादला नमुना पाठवला. मला वाटलं, नुसती औपचारिकता आहे.”

“मग?”

“हेला आहे, मॅडम.”

हैमवतीला आधी नीट कळलंच नाही. “कशात हेला मिसळलीय?”

“मिसळली नाही. सगळी हेलाच आहे. नूका-वनमध्ये नूका नाहीच.”

“परत करायला सांग.”

“तीनदा केलं.”

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. तिचं एक चाक करकरत होतं. मग फणींद्र खुर्ची ओढून तिच्या जवळ येऊन बसला, लहान मुलाला समजावतात तशा आवाजात बोलायला लागला.

“वादळात झालं हे, मॅडम. दिवे नव्हते, पोरांनी टॉर्च तोंडात धरून कुप्या हलवल्या. चिठ्ठ्या भिजल्या होत्या. त्या गडबडीत अदलाबदल झाली. तसं आपण जाहीर करू. वादळाआधीचं तुमचं सगळं काम शाबूत राहतं. देवाच्या करणीपुढे कोण काय बोलणार?”

ते तिला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा तिने ते घट्ट धरलं. त्या दिवशी ती व्यवस्थित जेवली, आणि फणी किती सांभाळून घेतो असंही तिला वाटलं. पण अंथरुणावर पडल्यावर जपानची आठवण झाली. वादळाच्या कितीतरी वर्षं आधी, तिचं नाव नुकतंच होत होतं तेव्हा, तिने क्योटोच्या एका स्नेह्याला नूका-वनची एक कुपी पाठवली होती. ती तिथे तशीच गोठलेली असणार. विचारलंच नाही तर? विचारलं नाही तर कुणाला कळणार होतं? दोन आठवडे तिने विचारलं नाही. मग विचारलं. उत्तर यायला फार वेळ लागला नाही. स्नेही आता म्हातारा झाला होता. त्याने फार अदबीने, क्षमा मागत मागत कळवलं की तीही हेलाच आहे.

म्हणजे वादळ नव्हतं. तो सोमवार होता. त्या टवटवीत बेटांत नूकालू नव्हतीच. सकाळच्या कामाचा कुठलातरी थेंब काचेच्या पेटीत राहिला होता आणि दुपारी तिच्या कुपीत उतरला होता. मग पहारेकरी तुटून पडले त्याचंही कोडं उरलं नाही. नूकालूच्या रक्ताने आपला कर्करोग ओळखला नव्हता. परक्या बाईच्या पेशी समोर आल्या, त्यांच्यावर कुणाचंही रक्त तुटून पडलं असतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं ते. खूण जुळत नव्हती, कारण माणूसच दुसरं होतं. ज्या बायांचे दंड सुजले, त्यांना तिने परक्या बाईचं मांस टोचलं होतं.

ती फणींद्रकडे गेली.

“वादळाची गोष्ट खोटी आहे, फणी. सुरुवातीपासूनच हेला आहे. लस थांबव.”

“कुणी सांगितलं?”

“जपानने.”

“तुम्ही जपानला विचारलंत?” त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. “मला न विचारता? मॅडम, या इमारतीत दीडशे माणसं पगार घेतात. कंपनीचा पैसा परत करायचा म्हटला तर विटा विकाव्या लागतील. आणि खरं सांगून कोण बरं होणार आहे ते तर सांगा.”

“खोटं टोचून कोण बरं होणार आहे?”

“परक्या पेशींनीसुद्धा पहारेकरी चाळवतात. काहीतरी उपयोग होईलही. तुम्हीच शिकवलंत, प्रयोगाआधी निकाल सांगू नये.”

“फणी, टोचायच्या यादीत पहिलं नाव कुणाचं आहे?”

तो खिडकीकडे बघायला लागला. तिला ठाऊक होतं. अख्ख्या शहराला ठाऊक होतं. गेल्या महिन्यात टीव्हीवर आलं होतं. पैडम्माच्या टाळूवर पांढरा चट्टा उठला होता, त्यात एक जखम धरली होती. सर्जनांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. पण पैडम्माने ती पुढे ढकलली होती, कारण तिला आधी लस घ्यायची होती. ‘आईच लेकीला वाचवणार’ असं खाली लिहून येत होतं आणि वर पैडम्मा नव्या लुगड्यात हसत होती.

दुसऱ्या दिवशी हैमवती जालारिपेटेत गेली. पैडम्मा दारात जाळ्याची गाठ मारत बसली होती. तिला बघून उठली, खाट झटकली, सुनेला कॉफी टाकायला सांगितली.

“डाक्टरम्मा, तू माझ्या घरी? सूर्य आज डोंगराकडून उगवला की काय!”

“पैडम्मा, ऑपरेशन करून घे. लगेच. सुई घेऊ नकोस.”

“का गं? आईची सुई ती.”

“आईची नाही.” मग हैमवतीने सांगितलं. जमेल तितकं सोपं करून सांगितलं. एकाच पेटीत दोन बायकांच्या पेशी हाताळल्या, एकीच्या जगल्या, त्या दुसरीच्या समजून आम्ही वाढवल्या. त्यात तुझी आई नाही. कधीच नव्हती.

पैडम्माच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. “मग मी काय बघत होते इतकी वर्षं?”

“अमेरिकेतल्या एका बाईला.”

“आणि तू काय बघत होतीस?”

“मीही तिलाच.”

“तूच म्हणालीस ना? स्टुलावर बसवलंस, डोकं धरलंस माझं, म्हणालीस, ही बघ तुझी आई. एकदा नाही, दरसाल. माझ्या पोरांना दाखवलीस. तेव्हा खोटं बोललीस का आता बोलतेस?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं.”

“इतकी शिकलेली तू, नि तुला माहीत नव्हतं!” पैडम्माने जाळं बाजूला ढकललं. “फणींद्रसार काल येऊन गेले. म्हणाले, मॅडम येतील, काहीबाही सांगतील. खुर्ची गेली की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, मनाला लावून घेऊ नका, म्हणाले. मी म्हटलं, आमची डाक्टरम्मा तसली नाही. नि तू आलीसच.”

“तुझ्या तोंडातली जखम पसरतेय, पैडम्मा. आज कापली तर बोटभर कापावी लागेल.”

“माझं तोंड मी बघीन. माझ्या आईने तुला नाव दिलं, मान दिला, परदेशात नेलं. आता ती माझ्या कामाला यायची वेळ आली तर ती नव्हतीच म्हणतेस?” ती उभी राहिली. “कॉफी पिऊन जा. मग नको येऊस.”

कॉफी आली. हैमवतीने ती प्यायली, कारण न पिता उठणं त्याहून कठीण होतं.

घरी येऊन तिने पत्रं लिहिली. आपले गाजलेले सगळे निबंध चुकीचे आहेत, ते मागे घ्यावेत, असं नियतकालिकांना; लस थांबवावी असं सरकारला. दोष वाटून घेतला नाही. अवसरलांचं नाव घातलं नाही, वेगळी पेटी मागितली होती हेही नाही. खुणेचा प्रश्न आला तेव्हा मला हवं तेच मी पाहिलं, असं एक वाक्य मात्र तिने दोनदा खोडून तिसऱ्यांदा ठेवलं.

पैडम्माला सुई टोचायच्या आधी लस थांबली. संस्थेत गहजब झाला. काल नमस्कार करणारे व्हरांड्यात भिंतीला चिकटून जायला लागले. ज्यांच्या पीएच.डी. नूका-वनवर झाल्या होत्या त्यांतल्या एकाने फोन करून विचारलं, “आमच्या पोरांना काय सांगू, मॅडम? बाप कशाचा डॉक्टर?” तिची खोली ‘डागडुजीसाठी’ रिकामी करून घेतली गेली. डागडुजी झालेली तिला कधी दिसली नाही.

फणींद्र मात्र बुडाला नाही. महिनाभर तो गप्प राहिला. मग त्याने एक मोठं भाषण दिलं. पेशींची शुद्धता तपासल्याशिवाय देशात एकही प्रयोग होता कामा नये, आमच्या संस्थेने हा कडू घोट स्वतः घेऊन धडा घालून दिला आहे, असं तो म्हणाला. अवसरला सभागृहात टाळ्या थांबेनात. वर्षभरात तो पेशीशुद्धतेच्या राष्ट्रीय समितीचा अध्यक्ष झाला. त्या कामाला वेगळं अनुदान मिळालं, लसीच्या दुप्पट. त्या भाषणाला हैमवतीलाही निमंत्रण होतं. ती शेवटच्या रांगेत बसली आणि चहाच्या आधी उठून आली.

निबंध मागे घेतले गेले, पण लोक त्यांचा दाखला देतच राहिले. कुठल्याशा देशातून एका तरुणाने तिला लिहिलं की नूका-वनची एक कुपी पाठवाल का. तिने कळवलं की ती नूका नाही, हेला आहे. त्याचं उत्तर आलं, हरकत नाही. आमचं आधीचं काम त्याच नावाने झालंय, तेव्हा जे काही आहे ते त्याच नावाने पाठवा.

पैडम्माने ऑपरेशन केलं, पण त्याला आठ महिने गेले. लस पुन्हा सुरू होईल, डाक्टरम्माचं डोकं ताळ्यावर येईल, म्हणून ती वाट बघत राहिली. तोवर बोटभर उरलं नव्हतं. टाळू आणि वरच्या जबड्याची एक बाजू काढावी लागली. जीव वाचला. हैमवती दवाखान्यात गेली तेव्हा सुनेने दारातूनच सांगितलं, “झोपल्यात.” दुसऱ्यांदा गेली तेव्हाही झोपल्या होत्या.

वर्ष-दीड वर्षाने कुणीतरी म्हणालं, पैडम्मा पुन्हा बंदरावर बसते. हैमवती एका सकाळी गेली. बाजार भरात होता, ओल्या फरशीवरून चालताना तिची तारांबळ उडत होती. पैडम्मा एका मोठ्या सुरमईचे काप करत होती. पदर नाकापर्यंत ओढलेला, एक गाल आत गेलेला. गिऱ्हाइकाला भाव ती बोटांनी दाखवायची आणि शेजारीण तो तोंडाने सांगायची.

“काय देऊ, अम्मा?” शेजारणीने विचारलं.

“काही नको. हिला भेटायला आले.”

पैडम्माने मान वर केली नाही. सुरी चालत राहिली. हैमवती उभी राहिली. दोन गिऱ्हाइकं आली, गेली. माशाच्या पाण्याने तिच्या साडीचा काठ भिजला. शेवटी ती जायला वळली, तेव्हा मागून आवाज आला. टाळूला बसवलेल्या कवळीमुळे शब्द गेंगाणे होते, एकेक सावकाश येत होता.

“तुझ्या कुपीत आई नव्हती. मानलं मी. टीव्हीवर फणींद्रसारही तेच म्हणाले.” तिने कवळी बोटाने वर दाबली. “मग दवाखान्यातून नेलेलं माझ्या आईचं मांस गेलं कुठं?”

हे हैमवतीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. नियतकालिकांनी नाही, सरकारने नाही, समितीनेही नाही. तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

“ते जगलं नाही, पैडम्मा. पहिल्या काही आठवड्यांतच मेलं असणार.”

“मेलं. मग?”

“मग कुपी उकळतात. धुतात.”

“मोरीत?”

“हो. मोरीत.”

“कुणी धुतली?”

हैमवतीने आजूबाजूला पाहिलं. शेजारीण ऐकत होती, तिच्या पलीकडचीही ऐकत होती.

“तेव्हा माझी भांडी मीच धुवायचे.”

पैडम्मा तिच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तशी. मग तिने सुरी पाण्यात बुडवली, फडक्याला पुसली.

“बाजूला हो,” ती म्हणाली, “गिऱ्हाईक आलंय.”